घोड्याची नाटकं की घोड्याची पाठ?

पत्र

नमस्कार डॉक्टर,

आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहतो. मुलगी 13 वर्षांची आहे, तीन वर्षांपासून घोडेस्वारी शिकते. गेल्या मार्चमध्ये आम्ही तिच्यासाठी रेसमधून निवृत्त झालेला सात वर्षांचा थरोब्रेड जातीचा घोडा घेतला. नाव तुफान, स्वभाव एकदम गरीब. मुलगी शिकते त्या येऊरच्या पायथ्याच्या तबेल्यातच तो असतो. उन्हाळ्यात सगळं छान चाललं होतं. पावसाळ्यात मैदानात चिखल, त्यामुळे रायडिंग जवळजवळ बंद होतं. दसऱ्यानंतर पुन्हा सुरू केलं आणि घोडा बदललाच. खोगीर दिसलं की कान मागे टाकतो. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना सईसाला दोनदा चावला. मुलगी वर चढली की पाठ खाली दाबतो. कँटरला (मध्यम वेगाच्या धावेला) मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतो. मागच्या आठवड्यात पाठ उडवून त्यानं तिला पाडलं, खरचटण्यावर निभावलं.

शिक्षक म्हणतात नाटकं करतोय, चाबूक दे. सईस म्हणतो तेल चोळा, ऊन द्या. तिथल्या एका पालकांनी ‘किसिंग स्पाइन’ असेल असं सांगितलं, त्यांच्या मते खेळ संपला, वेळेत विकून टाका. माझे यजमान (वजन 92 किलो) रविवारी अर्धा तास बसतात, तेव्हा मात्र तो अगदी शांत असतो. डिसेंबरअखेर मुलीची जंपिंगची स्पर्धा आहे. कुणाचं ऐकू?

एक आई, ठाणे

उत्तर

ताई,

आधी तातडीचं. पशुवैद्य येऊन पाहून जाईपर्यंत तुफानच्या पाठीवर कुणीही बसायचं नाही. मुलगी नाही, शिक्षक नाहीत, यजमानही नाहीत. खाली सांगितलेल्या तपासण्यांपुरतं सोडून खोगीर खुंटीला राहू दे. त्याला हातात धरून फिरवा, मोकळं सोडायला जागा असेल तर सोडा, रोज खरारा करा. या वेळी खरचटण्यावर निभावलं, म्हणून पुढच्या वेळीही निभावेल असं नाही.

आता नाटकांबद्दल. उन्हाळाभर नीट चालणारा सात वर्षांचा घोडा दसऱ्यानंतर अचानक नाटकी होत नाही. स्वभाव बिघडला असता तर तो खरारा करतानाही चावला असता, दाणा टाकायला आलेल्यालाही. तुमच्या पत्रातली प्रत्येक तक्रार खोगिराशी किंवा पाठीवरच्या वजनाशी बांधलेली आहे. स्यू डायसन या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी 2018 मध्ये स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या 24 वर्तनांची यादी प्रसिद्ध केली: कान पाच सेकंदांहून जास्त वेळ मागे दाबून ठेवणं, शेपटी सारखी झटकणं, तोंड उघडं ठेवणं, कँटरमध्ये पाय चुकणं, पाठ उडवणं वगैरे. यातली आठ किंवा जास्त दिसली, तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच वाढते. तंग आवळताना चावणं त्या यादीत नाही, कारण ती यादी स्वार बसल्यानंतरची आहे. तुमच्या घोड्यानं तर त्याच्या आधीपासूनच सांगायला सुरुवात केली आहे.

चाबूक दिला तर कदाचित तो चालेलही. घोडा कळपात राहणारा आणि शिकार होणारा प्राणी आहे. दुखणं लपवणं हा त्याचा जन्मजात गुण आहे. पण चाबकानं गप्प केलेल्या घोड्याचं दुखणं तिथेच राहतं आणि कळायचं मात्र बंद होतं.

म्हणूनच तुमच्या पत्रातलं ‘यजमान बसले की शांत असतो’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. माझा अंदाज असा की यजमान चालीवरच फिरवत असतील, आणि वजन जास्त असल्यामुळे घोडा पाठ ताठ धरून, पोट आवळून, जपून पावलं टाकत असेल. बाहेरून ते गुणी वाटतं. पुढच्या रविवारी (अर्थात कुणी न बसता) तुम्ही त्याचे डोळे, नाकपुड्या आणि जबडा जवळून बघा. खोगीर घातल्यावर आणि काढल्यावर, दोन्ही वेळा. फरक तुम्हालाच दिसेल.

वजनाचा हिशोब करूनच टाकू. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत ठेवावं, हा घोडदळाच्या काळापासून चालत आलेला अंदाज आहे. ओहायोत 2008 मध्ये आठ घोड्यांवर झालेल्या प्रयोगात 15 आणि 20 टक्क्यांवर घोडे बरे होते, 25 आणि 30 टक्क्यांवर मात्र स्नायू जास्त दुखावल्याच्या खुणा दिसल्या. तुफानचं वजन काढायला वजनकाटा लागत नाही. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून, तंग जिथे बसतो तिथून छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (कुल्ल्याच्या) मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. समजा घेर 178 आणि लांबी 160 आली, तर वजन साधारण 427 किलो. त्याचे 20 टक्के म्हणजे 85. यजमान एकटेच 92, वर खोगीर, रिकिबी आणि पॅड मिळून आठ-दहा किलो. म्हणजे जवळजवळ 24 टक्के, तेही चार महिने उभ्या असलेल्या, पाठीचे स्नायू गेलेल्या घोड्यावर. यजमानांना वाईट वाटेल, पण रविवारची ही रपेट कायमची बंद करा. त्यांना आवड असेल तर मोठ्या हाडाचा घोडा असलेली जागा शोधावी. मुलीचं वजन हा प्रश्न नाही, ती खोगिरासकट बारा-तेरा टक्क्यांत बसत असणार.

‘चार महिने उभा’ म्हणाले, त्यावर थोडं थांबते. ठाणे-नवी मुंबईतल्या तबेल्यांत दरवर्षी हेच होतं. जून ते सप्टेंबर मैदानात पाणी, घोडे ठाणबंद, दिवसातले बावीस-तेवीस तास एका जागी. दसऱ्याला घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडते, पूजा होते आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम दुडकी, कँटर, उड्या. डिसेंबर-जानेवारीतल्या स्पर्धा डोळ्यांसमोर असतात ना. चार महिने झोपून असलेल्या माणसाला आपण पहिल्याच दिवशी पोतं उचलायला लावत नाही.

घोड्याची पाठ मुळात ओझं वाहायला घडलेलीच नाही. छातीचे 18 मणके, कंबरेचे साधारण सहा, आणि त्यांच्याखाली लटकलेलं जड पोट. घोड्याला गळ्याजवळचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात आणि छाती त्या स्नायूंच्या झोळीत तरंगते. आपण वर बसलो की सगळं खाली दबतं. ते वर उचलून धरायचं काम पोटाचे स्नायू, ती झोळी आणि मणक्यांना चिकटून असलेले खोल, छोटे स्नायू करतात. काम बंद झालं की, किंवा दुखू लागलं की, हे खोल स्नायू आधी सुकतात. मग वरचा लांब स्नायू एकटाच आखडून सगळं धरून ठेवतो. कण्याच्या दोन्ही बाजूंना खड्डे आणि मधोमध कणा वर आलेला दिसत असेल, तर हेच झालं आहे. रेसच्या घोड्याचा आणखी एक इतिहास असतो. मणक्यांची वाढ फार उशिरा, पाच-सहा वर्षांच्या सुमारास पुरी होते आणि हे घोडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच पळायला लागतात.

त्यामुळे माझा पहिला संशय खोगिरावर आहे. मार्चमध्ये बसणारं खोगीर ऑक्टोबरमध्ये त्याच घोड्याला बसत नाही, कारण पाठच बदललेली असते. आणि तुमच्या पत्रात स्वतंत्र खोगिराचा उल्लेख नाही, म्हणजे ते तबेल्याचं असावं. आपल्याकडे एकच कानपुरी खोगीर सहा घोड्यांवर फिरतं, काठियावाडीवरही तेच आणि थरोब्रेडवरही तेच.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता. पॅड न घालता नुसतं खोगीर पाठीवर ठेवा, थोडं पुढे ठेवून मागे सरकवत आणा, जिथे आपोआप अडेल ती त्याची जागा. पुढची कमान खांद्याच्या फऱ्याच्या मागे हवी, त्याच्यावर चढलेली नको. कमान आणि मानेच्या मुळाशी असलेला पाठीचा उंचवटा यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत, आणि हे कुणीतरी वर बसल्यावरही टिकलं पाहिजे. ती तपासणी अर्थातच पशुवैद्यांनी परवानगी दिल्यावर. मागून वाकून खोगिराच्या खालच्या पन्हळीतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे, तीन-चार बोटांची रुंदी हवी, कण्याला काहीही टेकता कामा नये. मग खोगिराच्या खालच्या बाजूच्या गाद्यांखाली पुढून मागे हात सरकवा. पुढे घट्ट, मध्ये पोकळ, मागे घट्ट असं लागलं, तर सगळं वजन चार कोपऱ्यांवर पडतंय. शेवटची गोष्ट, जी मला तबेल्यांत सर्रास चुकलेली दिसते: कुशीत हात फिरवून शेवटची बरगडी शोधा आणि ती वर कण्यापर्यंत न्या. खोगीर त्या रेषेच्या मागे जाता कामा नये. मागे कंबरेला बरगड्यांचा आधार नाही, तिथे वजन पडलं की घोडा पाठ उडवणारच.

गाद्या हातानं दाबूनही बघा. आत लोकर असेल तर ती वर्षभरात दबते, पावसाळ्याच्या दमटपणात तिचे गोळे होतात. आणि कृपा करून दोन पॅड, त्यावर जेल, त्यावर घोंगडी अशी खोगीरभरती करू नका. खोगीर आधीच अरुंद असेल तर प्रत्येक पॅडनं ते आणखी आवळतं.

घामाची खूणही बघतात, म्हणजे खोगीर काढल्यावर ओल्या पाठीत कोरडे डाग राहिले तर तिथे दाब जास्त. पण कोकणपट्टीच्या हवेत या खुणेवर फार विसंबू नका. दमट उष्म्यात काही थरोब्रेड घोड्यांचा घामच आटतो, अंग कोरडं राहतं आणि श्वास मात्र भात्यासारखा चालतो. तुफानचं तसं होत असेल तर तोही वेगळा आजार आहे, डॉक्टरांना सांगा. पाठीवर नव्यानं उगवलेले पांढरे केस दिसले, तर ते जुन्या दाबाचे साक्षीदार समजा. खोगिराखाली खपल्या आणि केसांचे झुपके निघत असतील तर तो ओल्या पॅडनं झालेला त्वचेचा संसर्ग. तोही तंग आवळताना चावायला पुरेसा आहे. पॅड प्रत्येक वेळी धुऊन, उन्हात खडखडीत वाळवूनच वापरायचं. पावसाळ्यात ते वाळत नसतील तर तीन-चार जोड ठेवा, औषधपाण्यापेक्षा स्वस्त पडतात.

खोगिराबरोबर चढण्याची पद्धतही बदला. जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून चढलं की खोगीर एका बाजूला खेचलं जातं आणि पाठीचा उंचवटा पिळला जातो, रोज, त्याच बाजूनं. एक मजबूत स्टूल पुरतं. तंगही एका दमात आवळायचा नाही. एक भोक, दोन पावलं चालवणं, मग पुढचं भोक.

आता एवढं सगळं वाचून फक्त खोगीर बदलून मोकळे होऊ नका, कारण पाठ दुखते म्हणजे दुखण्याचं मूळ पाठीतच आहे असं नाही. मागचा गुडघा किंवा घोटा दुखत असेल, तर घोडा तो वाचवायला पाठ आखडतो. नालबंद किती आठवड्यांनी येतो? पाच-सहा आठवड्यांच्या पुढे गेलं आणि खूर पुढे लांब, टाच बसकी झाली की त्याचा ताण थेट कंबरेपर्यंत जातो. पावसाळ्यात ‘काम नाही तर नाल कशाला’ म्हणून ही फेरी हमखास चुकवतात. दात टोचत असतील तर घोडा लगामाशी भांडतो आणि मान-पाठ ताठ करतो. तंग आवळताना चावणं पोटातल्या अल्सरमुळेही असतं. रेसचे घोडे आणि त्यांचा दाणा जास्त, गवत कमी असा आहार, हे अल्सरचं ठरलेलं समीकरण. तुफानला दिवसातून किती वेळ समोर वैरण असते ते सईसाला विचारा. बहुतेक ठिकाणी ओट्स, भुसा, हरभरा भरपूर, आणि सुकं गवत मोजून दोन पेंढ्या. लसूणघास मिळत असेल तर थोडा सुरू करायला हरकत नाही, पण रोजचं सुकं गवत वाढवणं जास्त महत्त्वाचं. आणि ते उंच टांगलेल्या जाळीत देऊ नका, जमिनीवर द्या. डोकं खाली गेलं की मानेपासून पाठीवर जाणारा जाड बंध ताणला जातो आणि पाठ आपोआप वर उचलली जाते. व्यायामाचा हा एकमेव प्रकार आहे जो घोडा फुकट आणि आवडीनं करतो.

मागचे दोन्ही पाय एकदम टाकणं मात्र मी हलकं घेणार नाही. ते पाठ, कंबर आणि ओटीपोटाच्या हाडाचा सांधा किंवा मागच्या पायाचं दुखणं, या तिन्हींपैकी कशाचंही असू शकतं. हे सोडवायला पशुवैद्यच लागतो, आणि कुत्र्या-मांजरांचा नव्हे, घोड्यांवर रोज काम करणारा. महालक्ष्मीला रेसकोर्स असल्यामुळे मुंबईत असे डॉक्टर आहेत, त्यांतले काही ठाण्या-पनवेलच्या तबेल्यांतही येतात. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर आले की त्यांनी आधी हातानं पाठ चाचपली पाहिजे, मग घोडा सरळ रेषेत चालीवर आणि दुडकीवर, नंतर दोन्ही बाजूंना गोलात पळवून पाहिला पाहिजे. आल्या आल्या ‘एक्स-रे काढू’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना पायांचीही तपासणी करायची विनंती करा.

थांबायला वेळ नसलेल्या काही खुणा आहेत. मागचे खूर जमिनीवर घासत ओढणं, वळताना मागचं धड झोकांड्या खाणं, शेपूट लोंबणं, लघवी अडणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर कुमरी नावाचा रोग होतो. गाई-म्हशींच्या पोटात निमूट राहणारा सेटारिया जंत आहे, त्याची पिल्लं डासांमार्फत घोड्यात येतात, भरकटत मज्जारज्जूत शिरतात आणि घोड्याची कंबर लुळी पडते. शेजारी म्हशींचा गोठा आणि साचलेलं पाणी असलेल्या तबेल्यात हे मनात ठेवायलाच हवं. दुसरं म्हणजे, दोन-तीन दिवस पूर्ण दाणा खाऊन उभा राहिलेला घोडा कामाला काढल्यावर कंबर दगडासारखी कडक होऊन जागीच थांबला आणि लघवी चहाच्या रंगाची झाली, तर त्याला एक पाऊलही चालवू नका आणि डॉक्टरांना फोन करा.

आता किसिंग स्पाइन. प्रत्येक मणक्यावर वरच्या बाजूला हाडाचा एक सुळका असतो. शेजारच्या सुळक्यांमध्ये जागा हवी. ती कमी झाली की ते घासतात, एकमेकांवर चढतात, हाड झिजतं. हे जास्त करून तेराव्या ते अठराव्या मणक्याच्या टापूत होतं, म्हणजे बरोबर स्वार बसतो तिथे, आणि थरोब्रेडमध्ये जास्त आढळतं. तेव्हा त्या पालकांचा अंदाज अगदीच हवेत नाही. चूक आहे ती ‘खेळ संपला’ या निष्कर्षात. एक्स-रेमध्ये जवळ आलेले सुळके पाठ अजिबात न दुखणाऱ्या, रोज उड्या मारणाऱ्या कित्येक घोड्यांतही दिसतात. फोटो वाईट म्हणजे दुखणं वाईट, असं गणित इथे चालत नाही. शिवाय घोडा मान वर करून उभा असेल तर सुळके जास्त जवळ दिसतात, मान खाली असेल तर त्यांच्यातली जागा वाढते. म्हणून चांगले डॉक्टर एक्स-रेसोबत आणखी एक चाचणी करतात. संशयित जागी सुन्न करणारं इंजेक्शन देतात आणि घोडा पुन्हा पळवून पाहतात. चाल सुधारली तर दुखणं तिथलंच.

तसं ठरलं, तरीही उपाय आहेत. त्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन दुखणं कमी करायचं आणि त्या काळात पाठ बळकट करून घ्यायची, हा नेहमीचा पहिला मार्ग. न जमल्यास शस्त्रक्रिया. जुन्या पद्धतीत सुळक्याचं हाड कापतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत सुळक्यांमधला बंध उभ्या घोड्यावरच, गुंगी देऊन सोडवतात. पण कुठलंही इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया झाल्यावर घोडा पुन्हा त्याच खोगिराखाली, त्याच घाईनं उड्यांवर नेला, तर पैसे पाण्यात.

सईसाचं तेल आणि ऊन यावर मी हसणार नाही. हलक्या हातानं चोळणं आणि सकाळचं ऊन घोड्याला सुखाचं वाटतं, जरूर करा. मात्र टर्पेंटाइनचे जळजळीत लेप किंवा माणसांचे बाम नकोत, ते खोगिराखाली फोड आणतात. डाग देऊ म्हणालं कुणी तर सरळ हाकला. वेदनाशामकंही स्वतःच्या मनानं नकोत. फिनाइलब्युटाझोन तबेल्यांत बिस्किटासारखं वाटलं जातं, स्पर्धेच्या आदल्या दिवशी तर हमखास. पोटात अल्सर असेल तर तो त्यानं आणखी चिघळतो आणि दुखणारी पाठ घेऊन घोडा उडी मारतो. डायक्लोफेनॅकची सुई तर कुणालाच टोचू देऊ नका, गिधाडांच्या मृत्यूंमुळे 2006 पासून जनावरांसाठी त्याला बंदी आहे.

डॉक्टरांनी ‘हळूहळू काम सुरू करा’ म्हटलं की खरं काम तुमच्या मुलीचं आहे, आणि ते तिला आवडेल असं मला वाटतं. गाजर हातात धरून घोड्याला मान वळवायला लावायची: छातीकडे, गुडघ्यांच्या मध्ये, डाव्या कुशीकडे, उजव्या कुशीकडे, प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबवून. ही पोरखेळाची गोष्ट नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन महिने नियमित असे ताण दिल्यावर मणक्यांजवळचे ते खोल स्नायू जाड झाल्याचं सोनोग्राफीत मोजलं गेलं. त्यानंतर पोटाखाली मधोमध बोटांनी हलकेच दाबून पाठ उचलायला लावणं; मात्र बाजूला उभं राहून, लाथेच्या टप्प्याबाहेर, आणि सुरुवातीला सईस सोबत हवा. मग जमिनीवर बांबू आडवे ठेवून त्यांवरून हातात धरून चालवणं, हलका चढ चढवणं. मग मोठ्या गोलात, मान खाली मोकळी ठेवून लांब दोरीवर. छोट्या गोलात गरागरा फिरवणं नाही, त्यानं सांधे आणि पाठ दोन्ही पिळतात. खोगीर याच्या कितीतरी नंतर. किती नंतर, ते डॉक्टर पाठ चाचपून ठरवतील, स्पर्धेचं वेळापत्रक नाही.

म्हणजे डिसेंबरची स्पर्धा तुफानवर होणार नाही. मुलगी रडेल. तिला खोटं कारण सांगू नका. तेरा वर्षांच्या मुलीला पाठ दुखणं कळतं. तबेल्यातला दुसरा सुदृढ घोडा मिळत असेल तर ती त्याच्यावर उतरू शकते, नाही तर हे वर्ष प्रेक्षकांत बसून बघू दे.

शिक्षकांशी भांडून उपयोग नाही, घोडा त्यांच्याच आवारात आहे. डॉक्टर येतील त्या दिवशी त्यांनाही हजर राहायला सांगा, आणि पाठ चाचपताना घोडा कुठे दचकतो ते त्यांच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. तरीही चाबकावरच अडून राहिले तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 त्यांच्या कानावर घाला: आजारामुळे कामाला अयोग्य असलेल्या जनावराला कामाला लावणं हा गुन्हा आहे. आणि दुसरा तबेला बघायला लागा.

राहिलं ‘वेळेत विकून टाका’. वेळेत म्हणजे पुढच्याला कळायच्या आत, असाच ना अर्थ? दुखऱ्या पाठीचा, पाडणारा घोडा कुणी चांगल्या किमतीला घेत नाही. तो हात बदलत खाली खाली जातो आणि शेवटी लग्नाच्या वरातीत किंवा कुठल्याशा चौपाटीवर, दिवसाला पन्नास जणांना पाठीवर घेऊन उभा राहतो. तपासणीनंतर त्याला परत स्वारीचा घोडा करणं खरोखर शक्य नाही असं ठरलं, किंवा खर्च पेलवत नाही असं तुम्हाला वाटलं, तर सगळे कागद दाखवून, पाठीवर न बसता सांभाळणारं कुणी शोधा. लोणावळा-कर्जतच्या बाजूला जागा असलेली माणसं असतात. पण हा विचार आत्ता करायचा नाही. तुम्ही अजून साधी तपासणीही केलेली नाही.

या आठवड्यात टेप घेऊन वजन काढा, नालबंदाची शेवटची तारीख शोधा, खोगीर बिनपॅडचं ठेवून पुढून, बाजूनं आणि मागून फोटो घ्या. सपाट जमिनीवर, चारही पाय सरळ ठेवून, पाठीचा एक फोटो मागे सुरक्षित अंतरावर स्टुलावर उभं राहून वरून काढा. डॉक्टर येतील तेव्हा हे सगळं त्यांच्या हातात द्या. पाच मिनिटांच्या दुडकीचा व्हिडिओ मात्र त्यांच्यासमोरच, खोगिराशिवाय.